पांढऱ्या रानातली वेल

आमच्या माणदेशात रानाला रंगावरून नाव पडतं. काळं रान, तांबडं रान, बरड, माळ. आमच्या वाट्याच्या सव्वातीन एकराला गाव 'पांढरं' म्हणतं. उताऱ्यावर गट नंबर आहे, पण तो गावात कुणाला ठाऊक नाही. 'पांढऱ्यातले' म्हटलं की आमचंच घर.

या रानात नांगराचा फाळ वीतभर खाली गेला की खर्रकन आवाज येतो. वर राखेच्या रंगाची माती, तिच्यात हरभऱ्याएवढे, बोराएवढे पांढरे खडे आणि त्याखाली चुनखडीचा थर. कुठं हातभर, तर कुठं कमरेएवढा. पहार मारली तर पीठ उडतं. वैशाखात दुपारी त्या रानाकडं उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, इतकं ते चकाकतं. खड्यावर लिंबू पिळलं तर फस्स आवाज होऊन बारीक बुडबुडे उठतात. शाळेतून येताना आम्हा पोरांचा तो खेळच होता. लिंबू आंबट, खडा चुन्याचा, दोघांची झटापट होते आणि आंबटपणा मरतो. पुढं साठीला आल्यावर हाच खेळ मला रानाचं सगळं गणित समजावून सांगेल, असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

चुनखडी होते ती कमी पावसामुळं. काळा दगड झिजून माती होताना त्यातला चुना पाण्यात विरघळतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस एवढा पडतो की तो चुना धुऊन ओढ्यानाल्याला जातो. म्हणून तिकडची माती तांबडी आणि आंबट. आमच्याकडं पाऊस वीस इंचाला पोचला तरी वर्ष बरं म्हणायचं. एवढ्या पाण्यात चुना विरघळतो, पण फार लांब जात नाही. हातभर खाली उतरतो, तेवढ्यात वरून ऊन तापतं, पाणी उडून जातं आणि चुना तिथंच बसतो. असं हजारो वर्षं झालं, त्याचा हा थर.

जुन्या काळी या खड्यांना मोल होतं. भट्टीत भाजायचे, विझवायचे, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे की वाड्याच्या बांधकामाचा चुना तयार. माझे आबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी आमच्या रानातून चुनखडीच्या गाड्या भरून जायच्या. सिमेंट आलं, भट्ट्या मोडल्या आणि खडे रानातच राहिले.

आबांच्या तीन भावांत वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकाठचं काळं रान थोरल्यांना, विहिरीजवळचं मधल्यांना आणि पांढरं आबांना आलं. आई सांगायची, त्या दिवशी आबा घरी आले, पाणी प्याले आणि एवढंच बोलले, "वाईट जमीन नसती गं. तिची भूक येगळी आसती." त्या रानात त्यांनी बाजरी, हुलगा, मटकी केली. बांधावर बोरी, चिंचा, कडुलिंब आपोआप आले होते, ते तोडू दिले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात बाजरी हाताला आली नाही. आई-आबा पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला गेले, आम्ही सुकडी आणि मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पण बांधावरच्या बोरी त्या वर्षीही हिरव्या होत्या. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. माणसं वाळून गेलेली आणि बोर हिरवी, हे काही डोक्यातून गेलं नाही.

दहावी झालो १९७६ ला. पुढं शिकायला पैसा नव्हता, म्हणून रानात आलो. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा आल्या. डाळिंबाला चुन्याचं फारसं वावडं नाही, म्हणून आम्हीही डाळिंब लावलं. पांढऱ्या रानानं पहिल्यांदा पैसा दाखवला तो डाळिंबानं. घरावर स्लॅब पडला. मग तेल्या आला. फळावर काळे डाग, मग फळ उलायचं. तालुक्यातल्या बागांच्या बागा काढून टाकाव्या लागल्या, त्यात आमचीही गेली. मुलगा तेव्हा बारावी झाला होता. तो पुण्याला एका कंपनीत लागला.

टेंभूचं पाणी आलं तसा शेजाऱ्यांनी ऊस केला. पांढऱ्याच्या कडेला ज्यांचं रान होतं त्यांच्या खोडव्यात केवडा पडला. पान केवड्यासारखं पिवळं-पांढरं, शिरा तेवढ्या हिरव्या. बघायला देखणं, पण वजनाला काही नाही.

मुलगा २०२० साली कंपनी बंद पडल्यावर बायकोला घेऊन घरी आला. सूनबाई आजऱ्याकडची. तिकडं जांभ्याची तांबडी माती, धो-धो पाऊस, दाराशी फणस-काजू. पहिल्या दिवशी ती पांढऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, हितं मीठ सांडलंय काय?" मला हसू आलं, पण मुलगा हसला नाही. त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "आबा, दोन वर्षं बघतो. काही उगवलं तर राहतो. न्हाय तर रान सोलरवाल्यांना भाड्यानं देऊ आणि आम्ही पुण्याला जाऊ." सोलरची माणसं दोनदा येऊन मोजणीही करून गेली होती. त्यांच्या दृष्टीनं आमचं रान एक नंबर. झाड नाही, सावली नाही. करार २८ वर्षांचा. माझं वय धरून हिशेब केला तर मी ते रान पुन्हा मोकळं बघणार नव्हतो.

सूनबाईनं माहेराहून कृष्णफळाची रोपं आणली. शहरात ज्याला पॅशन फ्रूट म्हणतात ते. दारात शोभेला लावतात त्या कृष्णकमळाचीच ही भावकी. फूलही तसंच, शंभर कौरव आणि पाच पांडवांचं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. एक जांभळ्या फळाचं, त्याला थंड हवा मानवते. दुसरं पिवळ्या फळाचं, ते उष्ण मुलखात चालतं. तिच्या माहेरी कुंपणावर जांभळं होतं. वीस रोपं तिनं आणली आणि वीस पिवळ्याची मुलानं रोपवाटिकेतून घेतली. दहा गुंठ्यांत डाळिंबाच्या जुन्या बांबू-तारांवर मांडव केला.

पावसाळाभर वेली जोरात चालल्या. तणावे तारेला धरून वर गेले. कार्तिक लागला आणि शेंडे पिवळे पडू लागले. जुनी पानं हिरवी, नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. मी बघितलं आणि ओळखलं, उसातला केवडाच तो. जांभळ्यात जास्त होता, पिवळ्यात थोडा कमी. पण सुटली कुणीच नव्हती.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. एक म्हणाला, पाणी कमी पडतंय. मुलानं ठिबक दुप्पट वेळ चालवलं. पानं आणखी पिवळी झाली. दुसरा म्हणाला, युरिया टाका. युरियानं फूट वाढली आणि ती सगळी पिवळीच आली. तिसऱ्यानं हिराकस दिला. मुलानं तो बुंध्याशी टाकून पाणी सोडलं. आठ दिवसांत मातीवर गंजाचे डाग दिसले, पानात मात्र फरक नाही. सूनबाई रोज सकाळी मांडवाखाली जाऊन शेंडे बघायची आणि गप्प घरात यायची. ते गप्प राहणं मला जड जायचं. आजऱ्याची पोर आमच्या रानात आली, तिनं आणलेलं एक झाड तरी हिरवं राहावं, एवढंच वाटायचं.

मग माती परीक्षणाला पाठवली. सामू ८.४ आला, मुक्त चुना १८ टक्के. तपासणाऱ्या पोरानं आम्हाला बसवून नीट समजावलं. माझ्या दहावीच्या डोक्याला समजलं ते असं.

लोह आमच्या रानात कमी नाही. काळ्या दगडाची माती, तिच्यात लोह भरपूर. पण चुन्याच्या जमिनीत ते गंजाच्या रूपात बसतं आणि पाण्यात विरघळत नाही. घरात पेटीभर पैसा आहे, पण किल्ली हरवलेली, अशी गत. झाडाला पान हिरवं करायला लोह लागतं. शिवाय जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देणं झाडाला फारसं जमत नाही, म्हणून केवडा आधी शेंड्यावर दिसतो.

पण झाड मुकाट बसत नाही. लोह कमी पडलं की मूळ आपल्या टोकाशी आंबट रस सोडतं. त्यानं थोडं लोह सुटतं. मग मुळाच्या सालीवरच त्या गंजलेल्या लोहाचं रूप पालटलं जातं आणि शोषता येईल असं लोह आत घेतलं जातं. टोकाजवळ बारीक केसमुळांची दाटी होते. आमच्या वेलीसारखी बरीचशी झाडं असंच करतात. गहू, सातू ही गवताची जात दुसरी तऱ्हा वापरते. त्यांची मुळं एक चिकट पदार्थ सोडतात, तो लोहाला मिठी मारतो आणि दोघे मिळून मुळात परत येतात. ज्या जातीला हे काम चांगलं जमतं ती चुनखडीत तगते.

मग वेल पिवळी का पडली? तिथं मला लिंबाचा खेळ आठवला. मुळानं थेंबभर आंबट सोडलं की चुना ते लगेच फस्स करून मारून टाकतो. पुन्हा सोडलं की पुन्हा मारतो. अठरा टक्के चुन्यापुढं एका वेलीचं आंबट किती पुरणार? त्यात पाणी जास्त झालं की मुळांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वास बाहेर पडत नाही, पाण्यात अडकतो. चुना, पाणी आणि तो श्वास मिळून बायकार्बोनेट होतं आणि लोहाची वाट आणखी अडते. म्हणून दुप्पट पाण्यानं केवडा वाढला. आणि मातीत नुसता टाकलेला हिराकस चार-आठ दिवसांत गंजून पेटीत जाऊन बसला.

"मग रान बदलायचं कसं?" मुलानं विचारलं. तो पोरगा म्हणाला, "रान बदलू नका. एवढा चुना काढणार कुठून? मुळापुरती जागा बदला."

ही गोष्ट आम्ही धरली. प्रत्येक वेलीच्या दोन्ही अंगाला हातभर लांब, वीतभर रुंद चर काढले. जुनं कुजलेलं शेणखत घेतलं, त्यात हिराकस मिसळून ओलसर ठेवून तीन आठवडे मुरवला आणि मग ते चरात भरलं. शेणखतात मुरलेला हिराकस लवकर गंजत नाही, कुजलेला पाला त्याला धरून ठेवतो. त्यावर बाजरीच्या सरमाडाचं आणि तागाचं आच्छादन दिलं. ठिबक कमी केलं. रोज थोडं देण्याऐवजी माती वाफशावर येऊ द्यायची, मगच पाणी. पानांवर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि थोडं लिंबूसत्व टाकून फवारलं, सकाळच्या थंडाव्यात. चार दिवसांनी गंमत दिसली. जिथं थेंब पडला होता तिथं पानावर हिरवे ठिपके, बाकी पान पिवळं. सूनबाई म्हणाली, "मामा, पानाला देवी आल्यात." लोहाचीच कमी होती याची ती पावती होती. चिलेटेड लोहही आणलं. चुनखडीत ईडीटीए प्रकारचं मातीतून दिलं तर टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. पण ते महाग, म्हणून फार पिवळ्या असलेल्या सहा वेलींनाच दिलं.

माघात नवी फूट आली ती पोपटी आली. फाल्गुनात ती गर्द झाली. सगळ्या वेली वाचल्या नाहीत. जांभळ्यातल्या सात वाळल्या, पिवळ्यातली एक.

वाळलेली एक वेल सूनबाईनं आणि मी टिकाव बाजूला ठेवून खुरप्यानं हळूहळू उकरली. तिला बघायचं होतं खाली काय झालंय ते. चुनखडीच्या थरात गेलेलं मूळ सुतासारखं बारीक, दोन खड्यांच्या फटीत चेपून चपटं झालेलं, तपकिरी, शेंडा मेलेला. शेजारच्या जिवंत वेलीचा चर जरा उघडून बघितला. तिथं शेणखतात पांढऱ्या केसमुळांचं नुसतं जाळं. हाताला मऊ लागत होतं. वेलीनं खाली जायचा नाद सोडला होता आणि जिथं तिचं आंबट टिकत होतं तिथं सगळा संसार मांडला होता. एवढी मोठी वेल, चाळीस फूट मांडवभर पसरलेली, आणि तिचं जगणं त्या वीतभर रुंद पट्ट्यात. सूनबाई बराच वेळ तिथं बसून राहिली. मग तिनं माती परत झाकली, वर पाला सारला आणि म्हणाली, "उद्या बाकीच्यांचे चर आणखी हातभर वाढवूया." ती राहणार, हे मला त्या दिवशी कळलं. मुलाला त्यानंतर सहा महिन्यांनी कळलं.

पुढं तासगावला द्राक्षवाल्यांच्या एका मेळाव्यात गेलो होतो. तिथं एका जाणत्यानं फ्रान्समधली हकिकत सांगितली. दीडशे वर्षांपूर्वी तिकडच्या द्राक्षवेलींच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली. अमेरिकेतल्या वेलींच्या मुळांना ती मारत नव्हती, म्हणून त्या मुळांवर कलमं बांधली. पण चुन्याच्या रानात ती अमेरिकन मुळं पिवळी पडली, आपल्या केवड्यासारखीच. मग १८८७ साली पिएर व्हियाला नावाचा त्यांचा माणूस अमेरिकेला गेला, चुन्याच्या जमिनीत मूळचीच उगवणारी द्राक्षवेल शोधायला. ती टेक्सासकडं सापडली. तिच्या संकरातले खुंट आजही चुन्याच्या रानात वापरतात. हे ऐकताना मला बांधावरच्या बोरी दिसत होत्या. बाहेरून आणलेल्या झाडाला जे शिकावं लागतं, ते तिथल्या झाडानं पिढ्यान् पिढ्या शिकून ठेवलेलं असतं.

त्यावरून सूनबाईनं पिवळ्याच्या खुंटावर जांभळ्याचं पाचर कलम करायला घेतलं. पिवळ्याचा खुंट मूळकुजीला जास्त टिकतो, म्हणून परदेशात ही रीत जुनीच आहे. आमच्या रानापुरतं सांगतो, पिवळ्याच्या मुळावरच्या जांभळ्या वेलीला केवडा कमी पडतो. पहिल्या वर्षी पंधरातली सहा कलमं लागली, दुसऱ्या वर्षी पंधरातली अकरा.

फूल जांभळ्याचं पहाटे उमलतं, पिवळ्याचं दुपारी. पिवळ्याला स्वतःच्या वेलीचा पराग चालत नाही, दुसऱ्या वेलीचा लागतो आणि तो आणायला मोठा काळा भुंगा लागतो. मधमाशी फुलापुढं लहान पडते. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. म्हणून मांडवाचे जुने, किडके बांबू आम्ही काढले नाहीत, आणि बांधावर शेवग्याचं वाळकं खोडही तसंच ठेवलं. फुलापासून साठ-सत्तर दिवसांत फळ पिकतं आणि आपणहून खाली पडतं. झाडावरून ओढायचं नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मात्र कळ्या गळतात, ते दोन महिने फळाची आशा धरायची नाही.

पैसा म्हणाल तर बेताचा. गावात हे फळ कुणी ओळखत नाही. पहिल्यांदा बाजारात नेलं तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्ये काय, आंब्याची कोय हाय व्हय?" आता सांगलीचे दोन सरबतवाले घेतात, थोडं पुण्याला जातं. किलोला कधी ८० तर कधी १२० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही. मुलगा तालुक्याला ठिबकच्या दुकानात अर्धा दिवस जातो. पण सोलरवाले तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यानंच त्यांना चहा पाजून परत लावलं.

या जूनला आणखी तीस कलमं लावायची आहेत. चर काढून झालेत, शेणखतात हिराकस मुरतोय. या वेळी चरांची लांबी सूनबाईनं ठरवली, दोन हात. कुणाच्या वाट्याला पांढरं रान आलं असेल तर त्यानं येऊन बघून जावं. आधी माती तपासा, पाणी बेतानं द्या आणि मुळापुरती जागा करून द्या. आणि हो, बांधावरच्या बोरी तोडू नका.